आर्वीहून घरी येणारी नर्सिंग सेवा : सासूबाईंच्या पायासाठी घेतली, त्याचा अनुभव

जानेवारीत तुरीच्या सवंगणीत सासूबाईंच्या तळपायात फणकट घुसलं. साखर जुनी, पाय बधिर. चार दिवस त्यांना कळलंच नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर आधी एक मावशी ठेवली होती. मायाळू होती, पण घास भरवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सारं तीच करायची. पंधरा दिवसांत सासूबाई उशाजवळचा पाण्याचा गिलासही स्वतः उचलेनात.

मग ही सेवा लावली. भेटीचे तीनशे रुपये, आठवड्यातून तीनदा.

पहिल्या दिवशी सिस्टरनी ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास नुसतं पाहिलं. "आजी, न्हाणीपर्यंत चालून दाखवा. केस विंचरा बरं." मग लाल टोपणाची, ४० युनिटची इन्सुलिनची सिरिंज दिली आणि साधं पाणी बारा युनिटपर्यंत ओढायला सांगितलं. सासूबाईंनी सोळा ओढलं. पुन्हा केलं तर चौदा.

"मले रेघा नाही दिसत व बाई."

"रेघा नाही दिसत, पण हात तर चालते न आजी?"

तेव्हाच ठरलं. डोस नववीतली नात भरेल, मी एकदा पाहीन आणि पोटाला टोचून सासूबाई स्वतः घेतील. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता. सिस्टरनी स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, मदतीला पुढे केले नाहीत. मला ते कठोर वाटलं, खोटं कशाला सांगू!

नंतर चहा घेताना त्यांनी डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचारिकेचा सिद्धांत समजावला. १९७१ साली तो पुस्तकात आला. माणूस आपली काळजी आपणच घेत असतो. आजारपणात गरज वाढते आणि ताकद अपुरी पडते, तेवढ्या तुटीपुरतंच नर्सनं करायचं. बेशुद्ध रुग्णाचं सगळं करावं लागतं, कुणाचं थोडं आपण आणि थोडं त्यानं, आणि कुणाला फक्त शिकवायचं, पाठीशी राहायचं. आमच्या मावशीनं हिंडत्याफिरत्या बाईला पहिल्या गटात बसवलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. वाईट वाटलं, कारण तिला कामाला मीच लावलं होतं.

लाइट सारखी जाते म्हणून इन्सुलिन कुठं ठेवायचं, तेही त्यांनी दाखवलं: मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, कुपी प्लास्टिकच्या डबीत.

तक्रारी दोन. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि रविवारी कुणी येत नाही.

सगळंच सासूबाईंच्या हाती आलेलं नाही. ड्रेसिंग अजून मीच करते. पण संध्याकाळी ओसरीवर बसून त्या तळपायाखाली आरसा धरतात आणि काही लाल दिसलं की हाक मारतात. जखम आता तुरीच्या दाण्याएवढी उरली आहे. सहाव्या आठवड्यात सिस्टर स्वतःच म्हणाल्या, "आता पंधरा दिवसांतून एकदा आली तरी पुरते." सासूबाईंनी त्यांना दारापर्यंत चालत जाऊन निरोप दिला, पायात चप्पल घालून.