स्ट्रासबर्ग की ईस्ट ब्रॉड टॉप?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात वाफेच्या गाडीतून फिरण्यासाठी एकच सुट्टी हाताशी असेल, तर या दोन छोट्या रेल्वेंपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न पडतो. दोन्हीकडची फेरी जाऊन-येऊन साधारण नऊ मैलांचीच आहे. फरक आहे तो जुनेपणाच्या जातीत.

स्ट्रासबर्ग रेल्वेला सनद मिळाली १८३२ साली, पण १९५९ मध्ये पर्यटकांची वाहतूक सुरू झाल्यावर तिथे आलेली इंजिने आणि लाकडी डबे ठिकठिकाणच्या रेल्वेंकडून गोळा केलेले आहेत. ते इतक्या निगुतीने राखले आहेत की डब्यांसाठीच जायचे असेल, तर दुसरा विचार करण्याचे कारण नाही. साधा डबा, उघडा डबा, भोजनाचा डबा आणि पहिल्या वर्गाचा पार्लर डबा असे पर्याय मिळतात. थंडीच्या दिवसांत साध्या डब्यात कोळशाच्या शेगडीजवळची जागा मी तरी पार्लरच्या गुबगुबीत खुर्चीपेक्षा पसंत करीन. पॅराडाइज गावाजवळ मुख्य रेल्वेमार्गाला भेटल्यावर इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडतात, आणि हा खेळ मुले खिडकीला नाक लावून पाहतात. समोरच राज्याचे रेल्वे संग्रहालय असल्याने उरलेला दिवसही सार्थकी लागतो.

ईस्ट ब्रॉड टॉपवर जुने काही आणावे लागले नाही, कारण तिथले हललेच नाही. माथेरानच्या दोन फुटी रुळांपेक्षा रुंद अशा या तीन फुटी नॅरोगेजवरून १९५६ पर्यंत कोळसा जात असे. नंतर ही रेल्वे भंगारवाल्याने विकत घेतली, पण मोडली नाही. कंपनीने १९११ ते १९२० दरम्यान बाल्डविन या इंजिने बनवणाऱ्या कारखान्याकडून घेतलेली सहाही इंजिने आजही तिथेच आहेत, आणि त्यांपैकी १६ क्रमांकाचे इंजिन २०२३ मध्ये पुन्हा धावू लागले. मूळची कोळशाची रेल्वे असल्याने प्रवासी डब्यांचे वैविध्य इथे स्ट्रासबर्गइतके नाही. परंतु रॉकहिल गावातला या रेल्वेचा दुरुस्ती-कारखाना चुकवू नये: छताखालून लांबच लांब दांडा गेलेला, त्यावरून खाली उतरणारे चामडी पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला जुंपलेले एकेक यंत्र.

लहान मुले किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील, तर फिलाडेल्फियापासून सुमारे दीड तासावर असलेले स्ट्रासबर्गच सोयीचे ठरते. ईस्ट ब्रॉड टॉप फिलाडेल्फियाहून तीन तासांहून दूर असल्याने मुक्काम करावा, आणि गाड्या मोजक्याच दिवशी सुटत असल्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी तिकीट काढून ठेवावे.