परवान्याचं शस्त्र: बत्तीस रिव्हॉल्वर, बत्तीस पिस्तूल की .२२?

९ मिमी चांगलं की .४५, हा अमेरिकेतला शंभर वर्षांचा वाद आहे. मुंबईतल्या परवानाधारकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे .३८०, .४५५, .४५ रिमलेस आणि ९ मिमी ही फौज-पोलिसांची काडतुसं मानली जातात, आणि ती चालणारी पिस्तुलं-रिव्हॉल्वरं ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीव्यासात, मोडतात. क्रॉफर्ड मार्केटच्या पोलीस आयुक्तालयातून स्वसंरक्षणासाठी मिळणारा परवाना ‘नॉन-प्रोहिबिटेड’चा, म्हणजे ‘एनपीबी’चा असतो. तो घेऊन दुकानात गेलात की खरी निवड बहुतेकदा तीन काडतुसांतच होते: .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, रिव्हॉल्वरचं; .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), पिस्तुलाचं; आणि .२२ एलआर (लाँग रायफल). आकडे व्यासाचे, इंचात.

पहिला घोळ इथेच होतो. दोन्ही ‘बत्तीस’ एकच नव्हेत. लाँगची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, जवळजवळ २३ मिमी लांब, बुडाला ठळक कड असलेली, ती १८९६ची. एसीपीची पुंगळी १७ मिमी, कड जेमतेम जाणवेल एवढी; ती अमेरिकन शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९मध्ये पिस्तुलासाठी काढली. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळपास सारखा, म्हणून एसीपीचं काडतूस काही बत्तीस रिव्हॉल्वरांच्या घरात (फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खाचेत) सरकतंही. सरकलं म्हणून चालवायचं नाही. एसीपीचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त असतो आणि आपल्याकडची बरीच रिव्हॉल्वरं भरताना मधून मोडून उघडणारी, बिजागरीच्या नाजूक जोडाची आहेत. काडतूस मागताना नुसतं ‘बत्तीस’ म्हणू नका, ‘रिव्हॉल्वरचं’ की ‘पिस्तुलाचं’ ते सांगा आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचा.

आकडे असे. नळीच्या लांबीनुसार आणि काडतुसाच्या लॉटनुसार ते खालीवर होतात. ९ मिमी फक्त तुलनेपुरतं:

| काडतूस | गोळीचं वजन | वेग (सेकंदाला) | ऊर्जा |
|---|---|---|---|
| .२२ एलआर (आखूड नळी) | २.६ ग्रॅम | सुमारे २८० मी. | सुमारे १०० जूल |
| .३२ एस अँड डब्ल्यू लाँग | ६.३५ ग्रॅम | सुमारे २१५ मी. | सुमारे १५० जूल |
| .३२ एसीपी | ४.६ ग्रॅम | सुमारे २७५ मी. | सुमारे १७५ जूल |
| ९ मिमी | ८ ग्रॅम | सुमारे ३५० मी. | सुमारे ४९० जूल |

दोन बत्तिशींतला २५ जुलांचा फरक विसरून जा. तो कागदावरच राहतो. पिस्तुलाची गोळी माणसाला मागे फेकत नाही, ते सिनेमात. ती किती खोल जाते आणि कुठे लागते एवढंच मोजायचं. अमेरिकेची एफबीआय चाचणीच्या जेलीत ३० ते ४६ सेंटिमीटर खोली मागते. गोल नाकाची बत्तीस त्या पट्ट्यात साधारण पोचते. दोन इंची नळीतली .२२ काठावर रेंगाळते. म्हणजे .२२ आणि बत्तीस यांत फरक आहे, बत्तीस आणि बत्तीस यांत नाही. त्यामुळे या दोघींतली निवड काडतुसावर नाही, यंत्रावर करायची.

रिव्हॉल्वरचं मोठं बळ म्हणजे काडतूस फुसकं निघालं तरी ते अडत नाही. चाप पुन्हा ओढला की पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे खेचून सोडायची, मग पुन्हा चाप. रेंजवर शंभर वेळा केलेल्या माणसाला याला दोन सेकंद लागतात. न केलेल्याला, रात्री अडीच वाजता, थरथरत्या हातांनी, किती लागतील ते सांगायला नको. शिवाय एसीपीला स्वतःचा एक दोष आहे. कड थोडी बाहेर असल्याने वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की मॅगझिन जाम होतं, आणि ते थाप मारून सुटत नाही, मॅगझिन काढावंच लागतं. बुटक्या पोकळ-नाकी गोळीने हे जास्त होतं, कारण काडतुसाला मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जागा मिळते. गोल नाकाचं पूर्ण लांबीचं काडतूस वापरा आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली आहे ना, ते पाहा.

रिव्हॉल्वर निर्दोष आहे असं मात्र नाही. डबल अॅक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, चाप जड असतो, साडेचार-पाच किलोंचा. सवय नसली तर चाप ओढताना नळी खाली-डावीकडे वळते आणि तीन मीटरवरूनही नेम चुकतो. घरं साधारण सहाच. उलट पिस्तूल चपटं, कमरेला कमी दिसणारं, पहिल्या गोळीनंतर चाप हलका. पण बहुतेक बत्तीस पिस्तुलांत स्लाइड फक्त स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते, म्हणून ती स्प्रिंग कडक असते. मनगट दुखणाऱ्या किंवा साठी ओलांडलेल्या माणसाने दुकानातच दहा वेळा स्लाइड ओढून बघावी. सहाव्या वेळी अंगठा घसरला तर उत्तर मिळालं.

वजनाचंही बघा. कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर २०१४मध्ये आलं, बत्तीस बोअरचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. ते ‘महिलांसाठी’ म्हणून विकलं गेलं, पण हलकं शस्त्र हातात जास्त उडतं, हे जाहिरातीत नव्हतं. बत्तिशीचा धक्का मुळात सौम्य असल्याने ते निभतं. ‘प्रबळ’ २०२३चं, तेही बत्तीस, ६७५ ग्रॅम, आणि त्याचं सिलिंडर बाजूला निघतं. रिकाम्या पुंगळ्या काढायला आणि सफाईला हे मोडणाऱ्या रिव्हॉल्वरपेक्षा सोयीचं, आणि बिजागरी सैल होण्याची कटकट संपते. दोन्ही समोर असतील तर घरात ठेवायला प्रबळ.

.२२ची बाजू मांडायची तर एकच: धक्का जवळजवळ नाही, सराव स्वस्त. ‘निडर’ हे .२२ रिव्हॉल्वर तर जेमतेम २५० ग्रॅमचं. पण .२२चा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. कडेचा एखादा भाग कोरडा राहिला आणि घोडा नेमका तिथेच पडला, की टक् एवढाच आवाज. बुडाच्या मधोमध कॅप (ठिणगी देणारी टोपी) असलेल्या बत्तिशीपेक्षा हे जास्त वेळा घडतं. शिवाय .२२ची गोळी पुंगळीत घट्ट आवळलेली नसते. खिशात फिरवलेल्या काडतुसांत ती हलते आणि ओल आत जाते. ज्याच्या हाताला बत्तीस खरोखर झेपत नाही त्यानेच .२२ घ्यावं.

बत्तीस लाँग ‘म्हातारं काडतूस’ म्हणून हिणवलं जातं. नेमाच्या बाबतीत मात्र ते सरळ आहे: २५ मीटर सेंटर फायर (मधोमध कॅपच्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत जगभर हेच काडतूस चालतं, आणि २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारतीय नेमबाज जसपाल राणाने याच प्रकारात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली. अर्थात त्या पिस्तुलाचा चाप आणि आपल्या रिव्हॉल्वरचा चाप यांत जमीन-अस्मानाचा फरक.

आता मुंबईचं घर. चाळीतली खोली असो की वन बीएचके, अंतर तीन ते पाच मीटर. चार इंची विटेच्या भिंतीत बत्तिशीची गोळी अडते. जिप्समचं पार्टिशन, फ्लश दरवाजा, सरकत्या खिडकीची काच यांतून .२२सुद्धा पार होते, आणि पलीकडे शेजाऱ्याचा पलंग असतो. त्यामुळे कॅलिबर ठरवण्याआधी घरातली कोणती भिंत विटेची आणि कोणती नुसता पडदा, हे ठोकून बघा. बंद खोलीत तिन्हींचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. पुढची काही मिनिटं बायको काय ओरडतेय ते ऐकू येणार नाही.

जून ते सप्टेंबर हा मुंबईत शस्त्राचा खरा शत्रू. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून द्यायचं नाही. चामडं ओल धरतं, आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके आणि पितळी पुंगळीवर हिरवा कळंक येतो. कापडाने पुसून तेलाचा पातळ हात, सिलिका जेलच्या पुड्या, कुलुपाची पोलादी पेटी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायचं. तेल मात्र काडतुसांपासून दूर. गंज सोडवायचं पातळ तेल कॅपच्या फटीतून आत झिरपतं आणि काडतूस फुसकं होतं. सिलिंडर तेलाने माखून त्यात लगेच काडतुसं भरणं हे याचं नेहमीचं कारण. जुनी काडतुसं दरवर्षी रेंजवर संपवा आणि नवी घ्या. एका वेळी आणि वर्षाला किती घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्याचा हिशोब आधी करा.

बाहेर नेण्याचा विचार असेल तर एक अट लक्षात ठेवा: खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. म्हणजे अनंत चतुर्दशीला लालबागला जाताना ते पेटीतच. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं, पोच घ्या. खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. बचावापुरता जेवढा लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि गोळी बत्तिशीची होती की .२२ची, याने त्यात काही फरक पडत नाही.

तर घरात ठेवायला, महिन्याकाठी सराव न जमणाऱ्यासाठी: बत्तीस रिव्हॉल्वर, जमल्यास बाजूला निघणाऱ्या सिलिंडरचं. सराव नियमित होणार असेल आणि अंगावर बाळगणं खरंच गरजेचं असेल, तर बत्तीस पिस्तूल. परवान्यावर आता दोनच शस्त्रं बसतात (२०१९आधी तीन होती), म्हणून ‘आधी .२२ घेऊ, मग बघू’ हे महागात पडतं.

पैसे देण्याआधी दुकानात हे करा. शस्त्र रिकामं आहे याची स्वतः खात्री करून, नकली काडतुसं भरून चाप सावकाश ओढा आणि तसाच दाबून धरा. आता सिलिंडर बोटांनी हलवा. किंचित खेळ चालेल, खडखड नको. सहाही घरांवर हेच तपासा. एखादं घर नळीसमोर नीट येत नसेल तर गोळी कडेला घासून शिशाचे कण बाजूला उडतात, हातावर आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या तोंडावर. मोडणारं रिव्हॉल्वर असेल तर बंद करून नळी आणि मूठ उलट दिशांना हलवून बघा, कडी सैल असेल तर दुसरा नग मागा. शेवटी बॉडीवरचा नंबर, बिलावरचा आणि परवान्यावर नोंदवला जाणारा, हे तिन्ही दुकानातच जुळवून घ्या. एक आकडा चुकला तर दुरुस्तीसाठी पुन्हा क्रॉफर्ड मार्केट.