नांदेडहून उमरी-अर्जापूर फेरी : गाडी जुनी, ड्रायव्हर अस्सल

डिझेल धरून साडेतीन हजार. एसी नावालाच, मागच्या सीटचा पट्टा लागत नाही, आणि पाण्याच्या बाटल्या 'देतो' म्हणून दिल्या नाहीत. तरी पाचपैकी चार स्टार देतोय, ते ड्रायव्हरमामांमुळं.

उमरीत त्यांनी गाडी आधी स्टेशनाजवळ लावली, चुरमुऱ्यांचा सुशीला न् चहा सांगितला. म्हणाले, "सर, अगुदर गाव बघा. निजामाच्या राज्यात एवढ्याशा गावातली बँक कुणी लुटंल असं वाटतं का?" मग ३० जानेवारी १९४८ची हकिकत. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते, सुमारे २१ लाखांची रक्कम, आणि तो पैसा रझाकारांशी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांशी, लढणाऱ्या सरहद्दीवरच्या कॅम्पांसाठी. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. शाळेत आम्ही ही तारीख तेवढ्यासाठीच पाठ केली. उमरीचं नाव कुण्या गुरुजींनी काढलं नाही.

आमच्या पुतण्यानं मध्येच विचारलं, "मामा, रझाकार म्हणजे मुसलमान ना?" मला वाटलं, आता हे विषय बदलतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, तुमच्या लातूरचाच वकील. बरं. त्याच्या लोकांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक कोण? शोएबुल्ला खान. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत त्याला मारलं कुणी? रझाकारांनीच. आता तू सांग." पोरगं गप्प. मग बिलोलीच्या रस्त्याला लागेस्तोवर त्याचेच प्रश्न चालू. असं सांगणारा माणूस आजकाल मिळत नाही. बहुतेक जण सोयीचं तेवढंच सांगतात.

एक स्टार कापला तो अर्जापूरला. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या गोविंदराव पानसरेंना इथं मारलं ते १९४६मध्ये, म्हणजे हैदराबाद संस्थानात भारताचं सैन्य यायच्या दोन वर्षं आधी. तिथं निवांत बसायचं होतं. पण मालकाचा फोन आला, गाडी पाचला दुसऱ्या भाड्याला लावलीय म्हणे. फोटो काढले आन् निघालो. मामांनाच आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बुकिंग करताना परतीची वेळ लिहून घ्या, आणि हेच मामा येणार का ते पक्कं करा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मात्र जाऊ नका. झेंडावंदनाच्या गर्दीत न् भाषणांच्या भोंग्यांत त्यांचा आवाज ऐकूच येणार नाही.