कर्वे रोडचा डेव्हऑप्स क्लास: लिनक्स एक नंबर, क्लाउड मात्र घाईत

कर्वे रोडला नळ स्टॉपजवळच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर डेव्हऑप्सचा (म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं आणि ते चालू ठेवायचं काम) क्लास चालतो, त्याची शनिवार-रविवारची बॅच नुकतीच पूर्ण केली. नाव टाकत नाहीये कारण जाहिरात करायची नाहीये, पण पुण्यात सध्या जिकडेतिकडे डेव्हऑप्सचे बोर्ड लागलेत आणि बाहेरगावाहून आलेली पोरं बोर्डवरच्या टूल्सची यादी बघून फी भरतात, म्हणून आत नक्की काय शिकवायला हवं ते सविस्तर लिहितोय. मी खराडीला प्रॉडक्शन सपोर्टमध्ये आहे, शिफ्टचं काम, तिकीट आलं की डेव्हऑप्स टीमला असाइन करायचं, आणि ते लोक पुढे काय करतात ते आपल्यालाही यायला पाहिजे असं फार दिवस डोक्यात होतं.

या क्लासची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे सर सुरुवातीला डॉकरला (ॲप त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं टूल) हातच लावू देत नाहीत. आधी लिनक्स, म्हणजे सर्व्हरवर असते ती ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तेही कमांड पाठ करणं नाही, सर स्वतः सर्व्हर बिघडवून ठेवतात आणि दोघादोघांच्या जोड्यांना शोधायला बसवतात. एकदा डिस्क फुल केली होती, आम्ही भलीमोठी लॉग फाइल शोधून उडवली तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) आपलं १०० टक्केच दाखवतंय, अर्धा तास सगळे हैराण, मग एलएसओएफ (कुठली फाइल कुणी उघडी धरलीय ते दाखवणारी कमांड) लावल्यावर कळलं की प्रोसेसने ती फाइल अजून उघडी धरून ठेवलीय, ती सोडल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. दुसऱ्या वेळी डिस्कवर जागा भरपूर पण नवीन फाइलच बनेना, तिथं आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी नोंद) संपले होते, डीएफला मायनस आय लावलं की दिसतं. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) स्क्रिप्ट चालत नाही पण हाताने चालते, का, तर क्रॉनला तुमचा पाथ, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, माहीत नसतो. हे सगळं कामावर रोज घडतं आणि कुठल्याच बोर्डवर लिहिलेलं नसतं.

नेटवर्किंगही तसंच. कनेक्शन रिफ्यूज्ड आणि टाइमआउट यातला फरक मला इतकी वर्षं सपोर्टमध्ये काढून कुणी नीट सांगितला नव्हता. रिफ्यूज्ड आलं म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही मशीनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, म्हणजे सर्व्हिस बंद आहे का बघा, आणि टाइमआउट आला तर आधी फायरवॉल नाहीतर सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधली फायरवॉलच) बघा, पॅकेट मधेच गायब होतंय. एनजिनएक्सचा (ॲपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर) ५०२ आणि ५०४ एरर सुद्धा असाच, पहिल्यात मागच्या ॲपकडून धड उत्तरच आलं नाही, दुसऱ्यात उत्तर वेळेत आलं नाही. एवढं पक्कं डोक्यात असलं तरी रात्रीच्या कॉलवर माणूस बरोबर दिशेला शोधायला लागतो.

गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) ठीक शिकवलं, रिव्हर्ट (नवीन नोंद करून बदल उलटवणं) कधी आणि रिसेट (जुन्या नोंदीवर मागे जाणं) कधी, सगळ्यांच्या ब्रँचवर फोर्स पुश (तिथली नोंद जबरदस्तीने आपल्या नोंदीने बदलणं) का करायचा नाही, एवढं झालं. जेनकिन्सला (कोड आपोआप तपासून सर्व्हरवर पोचवणारं टूल) बराच वेळ दिला, पाइपलाइन, म्हणजे त्या पायऱ्यांची यादी, सगळ्यांकडून पहिल्यापासून लिहून घेतली. एका मुलाने पासवर्ड पाइपलाइनच्या फाइलमध्येच लिहून कमिट केला तर सरांनी तिथंच लेक्चर थांबवलं, नंतर फाइलमधून काढला तरी गिटच्या हिस्ट्रीत तो राहतोच, त्यामुळे आधी पासवर्ड बदला आणि मग बाकीची साफसफाई, हे सगळ्यांना करायला लावलं. मला हे फार आवडलं, कारण ही सवय आहे, टूल नाही, आणि ती कुणीतरी असं समोर बसवूनच लावावी लागते.

कुबरनेटीस (ढीगभर कंटेनर सांभाळणारी सिस्टीम) म्हणजे माझ्या मते क्लासचा कळस. पॉड (कंटेनर ज्यात चालतो ते त्यातलं सगळ्यात छोटं युनिट) क्रॅशलूपबॅकऑफमध्ये गेला, म्हणजे सारखा पडून पुन्हा सुरू व्हायला लागला, की पोरं लगेच डिलीट करायला धावतात, सर म्हणणार, "अरे बाबा, आधी वाच काय लिहिलंय ते," मग डिस्क्राइब (पॉडची सविस्तर माहिती दाखवणारी कमांड), मग आधीच्या मेलेल्या कंटेनरचे लॉग, मग एक्झिट कोड (प्रोसेस कशी संपली ते सांगणारा आकडा). १३७ दिसला तर १२८ अधिक ९, म्हणजे ९ नंबरचा सिग्नल सिगकिल (जबरदस्तीने बंद करणारा), बहुतेक वेळा मेमरीची लिमिट ओलांडली म्हणून कर्नलने मारलेला असतो. लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का ते सारखी बघणारी तपासणी) घाईचा लावला तर धडधाकट ॲपसुद्धा सारखं रीस्टार्ट होत राहतं, तेही करून दाखवलं. २०२२ साली कुबरनेटीसच्या १.२४ व्हर्जनमधून डॉकरशिम (त्याला डॉकरशी जोडणारा भाग) काढला तरी डॉकरने बांधलेल्या इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो तयार पॅक) का चालतात, तर इमेजचा फॉरमॅट ओसीआय या सगळ्यांसाठी खुल्या स्टँडर्डचा आहे आणि कंटेनरडी (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) तो थेट चालवतो, असं कारणासकट सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. सीकेए (कुबरनेटीस ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट) परीक्षेचा सरावही यातच होतो, ती २ तासांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, ऑफिशियल डॉक्युमेंटेशन उघडून बघता येतं, त्यामुळे घोकंपट्टीचा तिथं काही उपयोग नाही.

आता जिथं कमी पडले ते. क्लाउड आणि टेराफॉर्म (क्लाउडवरच्या मशीन वगैरे कोड लिहून उभ्या करायचं टूल) शेवटी घाईघाईत गुंडाळलं. टेराफॉर्मची स्टेट फाइल (काय काय उभं केलंय त्याची नोंद) म्हणजे त्याचा जीव, ती लॅपटॉपवर न ठेवता रिमोट बॅकएंडला, म्हणजे टीमच्या बाहेरच्या स्टोरेजवर ठेवायची, एका वेळी एकानेच बदलावी म्हणून लॉकिंग लावायचं, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेले असू शकतात, या गोष्टींना किमान दोन-तीन लेक्चर हवीत, आम्हाला एकात उरकलं. २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू हे त्याचंच ओपन सोर्स रूप वेगळं निघालं, क्लासमध्ये त्याचं नावही निघालं नाही. प्रोमिथियस-ग्राफाना (सर्व्हरची आकडेवारी गोळा करून आलेखात दाखवणारी टूल्स) तर फक्त सरांच्या स्क्रीनवर बघितलं, हाताने काहीच केलं नाही, आणि मॉनिटरिंग न येता डेव्हऑप्सचं काम करणार कसं?

क्लाउडच्या बिलाचा विषय तर पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. बॅचमधल्या एका मुलीने सराव झाल्यावर इन्स्टन्स (क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या मशीन) बंद केले, पण नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटला जोडून देणारी सेवा) तसाच राहिला, तो वापरा नाहीतर नका वापरू, तासाचा चार्ज चालूच असतो, आणि बंद इन्स्टन्सच्या डिस्कचेही पैसे लागतात. बिचारी हॉस्टेलवर राहून स्वतःच्या पैशाने शिकत होती. बजेट अलर्ट लावायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं क्लासने द्यायलाच पाहिजेत.

नोट्सही जुन्या आहेत. काही लॅब अजून सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) वर लिहिलेल्या, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, यम (त्यात सॉफ्टवेअर टाकायची कमांड) चालवलं की रिपॉझिटरी सापडत नाही म्हणून एरर, आणि नवीन पोरांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर करून दाखवलं, पण पीडीएफ अजून तीच.

सर शिकवतात मराठीतून, शब्द इंग्रजी पण समजावणं मराठी, आणि बीड, लातूर, सोलापूरकडची जी मुलं पहिले दोन आठवडे गप्प बसायची ती नंतर फळ्यापाशी जाऊन डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) समजावून सांगायला लागली. प्रत्येक बिघाडानंतर काय झालं, कधी लक्षात आलं, कशाने सुटलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे अर्ध्या पानात लिहून द्यावं लागतं, कुणाचं नाव घेऊन खापर फोडायचं नाही असा नियम. माझ्या ऑफिसात अशा नोट्स लिहिणारा माणूस सगळ्यांना हवा असतो आणि फार थोड्यांना ते जमतं.

प्लेसमेंटबद्दल इथे खोटं बोलत नाहीत, रेझ्युमे बघून देतात आणि मॉक इंटरव्ह्यू घेतात, बस. मी आधी दुसऱ्या एका क्लासच्या डेमोला गेलो होतो तिथं काउन्सेलर सरळ म्हणाल्या की दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवून देऊ. असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफची हिस्ट्री बघतात, आणि त्याआधीच इंटरव्ह्यूमध्ये "शेवटचा मोठा इश्यू कसा सोडवलास" एवढं विचारलं तरी सगळं उघडं पडतं.

बाकी, गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने या, नळ स्टॉप स्टेशनवरून चालत पोचता. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर बरं, ८ मध्ये मिनीक्यूब (लॅपटॉपवर चालणारं छोटं कुबरनेटीस) आणि जेनकिन्स एकदम लावलं की सगळंच रडतं. चौकशीला गेलात तर डेमो लेक्चर लिनक्सचं मागा, आणि टेराफॉर्म, मॉनिटरिंगला किती लेक्चर देणार ते फी भरायच्या आधी लिहून घ्या.