जैसलमेरची पाच दिवसांची ऑफरोड ट्रिप: वाळू शिकवणारा माणूस एक नंबर, पण मदतीची तयारी कमी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीतनं आम्ही तीन गाड्या घेऊन गेलो होतो, दोन थार आणि एक जिम्नी, म्हणजे चारी चाकांना जोर मिळणाऱ्या जीपगाड्या. तिथं बाकीच्या सहा मिळून नऊ गाड्या झाल्या. आयोजकाचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे, ती मी त्यांना फोन करून सांगितलीय. गाडीमागं दोन माणसांचे 46 हजार, त्यात तंबू, जेवण, लीड गाडी (पुढं राहून वाट दाखवणारी), परवानग्या सगळं आलं, डिझेल आपलं. सांगलीतनं जायचे दोन दिवस वेगळे धरा, जोधपूरवरनं गेलं तर पंधराशे किलोमीटरच्या वर होतात. जोधपूरला मुक्काम केला तर तिथं एमएच 10 चा नंबर बघून आपल्या विट्याकडचे एक गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) गाडीपाशी आले, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आधी चांगलं सांगतो. लीड गाडी चालवणारे काका रामगढकडच्या एका गावातले, पन्नाशी ओलांडलेली, आणि फक्त त्यांच्यासाठी मी हे पैसे परत भरायला तयार आहे. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी कुणालाच वाळूच्या टेकडीवर गाडी घालू दिली नाही. सगळ्यांना खाली उतरवलं आणि टायरची हवा सोडायला लावली, रोडवर आपण 32-35 पीएसआय ठेवतो ती 16 वर आणायची. व्हॉल्वमध्ये किल्लीचं टोक दाबून बसायचं, जरा सोडायची, गेज लावायचा, परत सोडायची. टायरच्या बाजू फुगतात, खालचा भाग लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं म्हणून गाडी वाळूत कमी रुतते. मग चपला काढून टेकडीवर चालवलं. वारा येतो त्या बाजूची वाळू पायाला घट्ट लागते आणि माथ्याच्या पलीकडची इतकी भुसभुशीत की पाय घोट्याच्या वर जातो. पाय जातोय तिथं चाक जाणार, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी खुरीकडं फसली. माथ्यावर पोचता पोचता पुढचं काही दिसेना म्हणून मी रेसवरचा पाय उचलला आणि गाडी तिथंच माथ्यावर पोटावर बसली, चारी चाकं नुसती गरागरा फिरायला लागली. शेजारी मेहुणा ओरडतोय, "दाजी, अजून रेस द्या, निघतीय", आणि वॉकीटॉकीवर काकांचा आवाज, पाय काढा, एकदम काढा. त्यांचंच बरोबर होतं, चाक जेवढं फिरवाल तेवढं ते स्वतःचा खड्डा खणतं. मग त्यांनी आधी पोटाखालची वाळू काढायला लावली, चाकापुढची नंतर. मी आणि मेहुणा पालथं पडून हातानं वाळू ओढत होतो, वरची गरम आणि डिफरन्शिअलखालची (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) एकदम गार, माठाजवळची असते तशी. अर्धा तास गेला. चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) घातले, फोर लो म्हणजे चारी चाकांचा जास्त जोराचा हळू गिअर टाकला आणि गाडी आलो त्याच वाटेनं सरळ मागं उतरवली. उतरताना आडवी घ्यायची नाही, नाक किंवा शेपूट सरळ खाली, नाहीतर पलटी.

चौथ्या दिवशी लोंगेवालाला नेलं. 1971 च्या 4 आणि 5 डिसेंबरला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर पोस्ट धरून ठेवली आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली, हे शाळेपासून ऐकलेलं. पण पाकिस्तानचे रणगाडे त्या मऊ वाळूत अडकले होते ही गोष्ट आदल्या दोन दिवसांत स्वतः गाडी उकरल्यावर ऐकली की वेगळीच कळते. तिथं आमच्यातलं कुणी बराच वेळ बोललं नाही.

अजून एक गोष्ट आवडली. आमच्यातल्या दोघांना डेझर्ट नॅशनल पार्कच्या माळावर गाडी घालायची होती, काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तिथला माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो आणि देशात आता दीडशेच्या आसपासच उरलेत. आपल्या सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे आणि तिथं काय अवस्था झालीय ते बघितल्यामुळं मला हे लई पटलं.

जेवण साधं आणि चांगलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच. तंबूतली पांघरुणं मात्र पातळ, सांगलीची थंडी धरून जाऊ नका.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपमधल्या एका गाडीनं कमी हवेवर झटक्यात वळण घेतलं आणि पुढचा टायर रिममधनं निसटला. हे वाळूत होतंच, त्यात त्या ड्रायव्हरची पण फार चूक नाही. पण नऊ गाड्यांमागं हवा भरायचा कॉम्प्रेसर एकच आणि तो दहा मिनिटांत बंद पडला. स्टेपनी लावावी तर जॅक वाळूत खाली जातोय, जॅकखाली ठेवायला फळी नाही. शेवटी आमच्या जिम्नीतला प्लायवूडचा तुकडा वापरला. साडेतीन तास तिथंच, मोबाईलला रेंज नाही, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात पट्ट्या आणि तापाच्या गोळ्या सोडून काही नव्हतं. जैसलमेरचा दवाखाना तिथनं दोन तासांच्या वर. डिसेंबर होता म्हणून निभावलं. त्या गाडीत सहा वर्षांची पोरगी होती, ती सावलीसाठी आमच्या गाडीखाली सरकून बसली होती, ते अजून डोळ्यापुढनं जात नाही. बुकिंगच्या वेळी "फुल रिकव्हरी सपोर्ट" म्हणून सांगितलं होतं आणि त्याच भरवशावर लोक पोरंबाळं घेऊन येतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी फोनवर नीट विचारा, कॉम्प्रेसर किती, जॅकची फळी आहे का, मागच्या गाडीत ओढायचा पट्टा आहे का, प्रथमोपचार येणारं कोण आहे, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आयोजक मला म्हणाले पुढच्या ट्रिपला दोन कॉम्प्रेसर ठेवतो. फेब्रुवारीत विट्याचे आमचे पाहुणे त्यांच्याबरोबरच चाललेत, काकाच लीडला आहेत हे विचारून घेतलंय, आणि माझा कॉम्प्रेसर, दोन फावडी आणि तो प्लायवूडचा तुकडा त्यांच्या गाडीत टाकतोय.