ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर: किनाऱ्यावरच्या गाडीला कितपत उपयोगी?

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात बसणारी ही छोटी डबी इंजिनच्या संगणकातली माहिती मोबाईलवर दाखवते. गाडी तापली की बंद पडते, निवली की सुरू होते, अशा दुखण्यात तिची खरी किंमत कळते. सेल मारताना मोबाईलवर आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, बघा. इंजिन फिरतंय पण आकडा शून्यच, तर पहिला संशय ते फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर. पी०३३५ हा त्याच सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड आला तरी लगेच नवा सेन्सर घेऊ नका. आधी कनेक्टर काढून पिना बघा. मालवण-गुहागरच्या खाऱ्या हवेत तिथे हिरवी पूड धरते.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली तर ते मात्र हा स्कॅनर दाखवत नाही, आणि कोकणात ती पट्टीच फार छळते. त्याला साधा मल्टिमीटर हवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, मग सेल मारा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर पट्टी सोडवून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.

स्वस्तातले काही नकली स्कॅनर गाडीशी जोडलेच जात नाहीत, तेव्हा परत करता येईल तिथूनच घ्या. काम झालं की काढून ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर तो बॅटरी उतरवतो.