ड्रेन बोल्टचे आटे गेले, हेलिकॉइल बसवलं : पावसाळाभराचा अनुभव

सर्व्हिसिंगनंतर ज्यांची बाईक ड्रेन बोल्टपाशी (जुनं ऑइल काढायचा इंजिनच्या तळाचा बोल्ट) गळायला लागली आहे, त्यांना आधीच सांगतो : घाबरून क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं केसिंग, बदलायला जाऊ नका. माझ्या गाडीला उन्हाळ्यात हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवलं. त्यावर अख्खा पावसाळा गेला, मध्ये ऑइलही बदललं, पण आजवर थेंब नाही.

झालं असं की गाडी सर्व्हिसिंगहून आली आणि दुसऱ्या दिवशी इंजिनखाली ऑइलचा डाग, शिवाय टाकीवर एक ओरखडा. हात लावला तर बोल्ट नुसताच फिरत होता. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचा. जुना चपटा झालेला वॉशर तसाच ठेवून, गळू नये म्हणून एअर गनने आवळत बसलं की मऊ धातूचे आटे निघून येतात. वॉशर दर वेळी नवा घालायचा असतो. काही रुपयांची वस्तू, पण तिथेच हयगय होते.

सर्व्हिस सेंटरचे सुपरवायझर आधी म्हणाले, "आधीपासूनच असेल." गाडी देताना काढलेले फोटो दाखवले, इंजिनचा तळ कोरडा होता, टाकीवर ओरखडाही नव्हता. मग म्हणाले, एम-सील लावून देतो, नाहीतर एक साइज मोठा बोल्ट ठोकतो. मी दोन्हींना नाही म्हटलं. एम-सील पुढच्या ऑइल बदलीला खरवडावंच लागतं, आणि मोठा बोल्ट तिरका घुसला तर केसिंगलाच तडा जाऊ शकतो. तक्रार जॉब कार्डवर लिहून घेतली, सही-शिक्का घेतला. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे शांतपणे सांगितलं. काम बाहेर करून घ्या, बिल आम्ही देतो, यावर मिटलं. पैसे मिळालेही.

काम करून घेतलं कोल्हापुरात, उद्यमनगरात. मिस्त्रींनी टॅपच्या (नवे आटे पाडायचं हत्यार) खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चुरा आत न पडता त्यालाच चिकटतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसत होते. मग स्टेनलेस तारेची ती हेलिकॉइलची गुंडाळी आत फिरवली, तिचं टोकाचं शेपूट मोडलं आणि चिमट्याने बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे मोजून घ्या साहेब, आत राहिलं तर इंजिन खाईल." वरून थोडं ऑइल ओतून भोकातून वाहू दिलं, उरलासुरला चुरा धुवायला. असं काम करणारा माणूस मिळाला तर शंभर-दोनशे जास्त घेतले तरी द्यावेत.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात रोज पुठ्ठा खाली ठेवून पाहत होतो. कोरडा. पावसात राधानगरीच्या रस्त्याला खड्ड्यांत आदळून आली तरी कोरडा. नंतरच्या ऑइल बदलीला बोल्ट हाताने सरळ आत गेला, शेवटी टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळला. पूर्वीपेक्षा पकड चांगलीच वाटली, कारण आता आटे स्टीलचे आहेत.

टाकीच्या ओरखड्याचं मात्र तितकं समाधान नाही. नख अडकत होतं, म्हणजे क्लिअर कोटच्या, रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली गेलेला. पॉलिशने जाणार नव्हताच. टच-अप रंग लावला, तो आता उन्हाने किंचित वेगळा दिसतो. पूर्ण टाकी रंगवून कंपनीचा मूळ रंग घालवायची माझी इच्छा नाही, म्हणून तसाच ठेवलाय.

गाडी अजून त्याच ठिकाणी देतो. फक्त वॉशर माझा असतो, आणि ड्रेन बोल्ट आवळताना मी शेजारी उभा असतो.